मग ते तीस टक्के कुणाचे?

गेल्या भाऊबीजेला दादाला ओवाळून झालं, ताट खाली ठेवलं, वहिनी चहा टाकायला आत गेली आणि दादा एकदम म्हणाला, "माई, तू जूनमधी सत्तर टक्के म्हन्लीस न्हवं का, मग ते तीस टक्के कुणाचे होते गं?" रागानं नाही, टोमणा म्हणून तर अजिबातच नाही, दादाला टोमणे मारता येत नाहीत, शाळेत मास्तरांना शंका विचारावी तसं विचारलं त्यानं, कपाळावर कुंकवाचा ओला टिळा, त्यात दोन तांदळाचे दाणे चिकटलेले, आणि डोळ्यांत खरंखुरं कुतूहल. मी पुण्यात एका कॉलेजात सतरा वर्षं संख्याशास्त्र शिकवते. संभाव्यता म्हणजे काय हे मी आतापर्यंत किती पोरांना फळ्यावर लिहून दाखवलं असेल त्याची गणती नाही. आणि त्या दिवशी ओसरीवर, समोर चकल्यांचं ताट, माझ्या तोंडून पाच मिनिटं शब्द फुटला नाही.

जूनमध्ये झालं होतं ते असं. आमचं गाव लातूरकडचं, तीन एकर काळी, सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. मृग लागायच्या आदल्या दिवशीच चांगला पाऊस झाला, तासभर दणकून, गावात सगळ्यांची लगबग सुरू झाली, ट्रॅक्टरवाल्याकडे नंबर लागले. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते तेव्हा दादाचा फोन. "माई, काय करूलालीस? तुझ्या त्या मोबाईलमधी काय दाखवतंय बघ की जरा. पेरू का थांबू?" मी ॲप उघडलं, गावाचं नाव टाकलं, पुढच्या तीन दिवसांवर ढग आणि थेंबाचं चित्र, खाली ७०, ७०, ६५. मी म्हणाले, दादा सत्तर टक्के आहे, चांगलं आहे की. त्यानं दुसऱ्या दिवशी पेरलं. आणि मग अठरा दिवस उघडीपच म्हणायची. नुसतं वारं आणि ऊन, आभाळ भरून यायचं आणि तसंच पुढं जायचं. पहिले आठ दिवस फोनवर "येईल, येईल", नंतर दादा पावसाचा विषयच काढेना, मीच विचारायचे आणि तो म्हणायचा, "उगवलंय थोडं थोडं, पर माना टाकल्यात." जुलैत दुबार पेरणी केली. बियाणं परत, खत परत, ट्रॅक्टरचं भाडं परत. मला त्यानं तेव्हा एका शब्दानं बोल लावला नाही, आणि ते जास्त लागलं मला.

तर तीस टक्के.

त्या दिवशी पाच मिनिटांनी मी त्याला सांगायचा प्रयत्न केला, आणि जे सांगितलं ते चुकीचं नव्हतं. म्हटलं, दादा, हवामानाचा अंदाज बांधताना कॉम्प्युटर एकदाच गणित करत नाही. आज हवा कशी आहे हे आपल्याला शंभर टक्के नेमकं माहीतच नसतं, कुठे तापमान मोजलेलं असतं, कुठे नसतं, समुद्रावर तर मैलोन् मैल कुणी नाही. आणि हवेचा स्वभाव असा की सुरुवातीला जरासा फरक पडला तरी पुढे सगळंच बदलतं. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ नावाचे हवामानशास्त्रज्ञ अमेरिकेत हेच करत होते, आधी केलेलं गणित पुन्हा मशीनला घातलं, फक्त ०.५०६१२७ च्या जागी छापील कागदावरचा ०.५०६ टाकला, आणि थोड्या वेळानं बघतात तर हवामान दुसरंच. म्हणून आता काय करतात, तेच गणित सुरुवातीच्या आकड्यांत बारीक बारीक फरक करून पुन्हा पुन्हा चालवतात, युरोपच्या हवामान केंद्रात तर एका वेळी ५१ वेळा. समज शंभर वेळा चालवलं, तर त्यातल्या सत्तर वेळा आपल्या रानावर पाऊस पडला आणि तीस वेळा नाही. म्हणून सत्तर टक्के. दादा ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे त्या कॉम्प्युटरमधी माझे शंभर जून झाले." मी म्हटलं हो. "आन् तीस जूनमधी मी कोरडाच." मी म्हटलं हो. तो हसला. "मला एकच मिळाला की गं."

या वाक्यानंतर मला चकली गिळेना.

कारण वर्गात मी नेमकं उलटं शिकवते. मी सांगते, एका दिवसावरून सत्तर टक्क्यांचा अंदाज बरोबर की चूक हे ठरवताच येत नाही. ज्या ज्या दिवशी सत्तर म्हटलं ते सगळे दिवस गोळा करा, शे-दोनशे होऊ द्या, मग बघा त्यातल्या साधारण सत्तर टक्के दिवशी पाऊस पडला का, पडला तर सांगणारा प्रामाणिक. ९५ टक्के दिवशी पडला तरीही तो चुकलाच, कारण त्याला ९५ म्हणायला पाहिजे होतं. १९५० मध्ये ग्लेन ब्रायर यांनी यासाठी एक साधं मोजमाप दिलं, पाऊस पडला तर १, नाही पडला तर ०, त्यातून सांगितलेली शक्यता वजा करा, वर्ग करा, सगळ्या दिवसांची सरासरी काढा, जितकी कमी तितका अंदाज चांगला. मला हे फार आवडतं, अजूनही, यात सांगणाऱ्याला पळवाट नाही. पण या हिशोबात दादा कुठे बसतो? शंभर दिवसांतला एक दिवस म्हणून. सांगणाऱ्याचा हिशोब शंभर दिवसांनी पूर्ण होतो आणि ऐकणाऱ्याकडे वर्षाला एकच मृग असतो, असे आयुष्यात चाळीस, फार तर पन्नास.

रात्री झोप येईना म्हणून माळवदावर गेले, तिथून खाली आले, देवळीत अण्णांची वही होती ती काढली. आमचे वडील अण्णा, पावसाची वही ठेवायचे. १९८४ पासून २०११ पर्यंत, म्हणजे ते गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यापर्यंत, अठ्ठावीस वर्षं. पर्जन्यमापक वगैरे नव्हता, त्यांचं माप हाताचं. पाऊस थांबला की रानात जायचे, खुरप्यानं उकरायचे आणि ओल किती खोल गेली ते बघायचे. "दोन बोटं." "चार बोटं." "वीतभर ओल." वीतभर लिहिलेलं असलं की खाली रेघ. त्या वहीला अजून गोडेतेलाचा आणि तंबाखूचा वास आहे, पानं कडेनं पिवळी, शाई कुठे निळी कुठे हिरवी, एका ठिकाणी माझ्या लहानपणीच्या अक्षरात "अण्णा गावाला गेले, पाऊस नाही" असंही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पानावर दोनच शब्द, "पहाटे भूकंप". त्यापुढे तीन आठवडे काही नाही. मी त्या पानावर नेहमी थांबते. त्याची टक्केवारी कुणालाच सांगता आली नव्हती, आजही भूकंप अमुक दिवशी होईल हे कुणी सांगू शकत नाही. पावसाचं निदान काहीतरी सांगता येतं, हेच केवढं आहे असं तेव्हा वाटतं.

वहीत प्रत्येक नक्षत्रापुढे वाहनही लिहिलेलं. मृग, कोल्हा. आर्द्रा, मोर. पुनर्वसू, हत्ती. अण्णा पंचांग बघायचे आणि आम्हा दोघांना समोर बसवून ते वाहन कसं काढतात ते शिकवायचे, सूर्य नक्षत्रात शिरतो त्या दिवशी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, येईल त्या आकड्याला नऊनं भागायचं आणि बाकी काय उरते त्यावरून वाहन. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर, कोल्हा-मेंढा आले की ओढ. माझा भागाकार पक्का झाला तो असा, कोल्ह्या-मेंढ्यांवर. पुढे एम.एस्सी.ला असताना मी एका सुट्टीत वहीतली वाहनं आणि वहीतली ओल असा तक्ता मांडला होता, हत्तीच्या नक्षत्रात खरंच जास्त पाऊस होतो का म्हणून. काहीच संबंध निघाला नाही. अण्णांना दाखवायला घेऊन गेले, त्यांनी तक्ता नीट बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मला ठाऊक हाय की. म्हणून तर ओल लिहितो." इतकी वर्षं मी ते उत्तर गमतीचं म्हणून सांगत आले. भाऊबीजेच्या रात्री ते वेगळंच ऐकू आलं. वाहन लिहायचं ते लिहायचं, पण विश्वास खुरप्यावर.

पुण्यात माझी बस रोज सिमला ऑफिसच्या स्टॉपवरून जाते. दगडी इमारत, मनोरा, बाहेर वाहनांची ही गर्दी. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथं आलं म्हणून ते नाव पडलं आणि मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं तरी नाव चिकटून राहिलं. बसमध्ये उभं असताना मला हटकून गिल्बर्ट वॉकर आठवतात. ते या इमारतीत कधी बसले नाहीत, त्यांचा काळ शिमल्याचा, पण त्यांची ओळख मला हवामानातून झालीच नाही. मी कालश्रेणी, म्हणजे काळाच्या क्रमानं मोजलेले आकडे, शिकवताना यूल-वॉकर समीकरणं शिकवायचे, कित्येक वर्षं, आणि हा वॉकर म्हणजे आपल्याकडे पावसाचा अंदाज बांधायला आलेला माणूस हे फार उशिरा कळलं. केंब्रिजचे गणिती, १८८९ चे सीनियर रँग्लर म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, बूमरँग कसं फिरतं यावर अभ्यास केलेला, बासरीचा नाद, आणि हवामानशास्त्र शिकलेले नाहीत. १९०४ मध्ये ते इथल्या वेधशाळांचे प्रमुख झाले. का आणलं असेल गणित्याला? तर त्याआधीच्या साहेबांचे अंदाज सपशेल पडले होते, १८९९ ला चांगल्या पावसाचा अंदाज होता आणि पडला तो भयंकर दुष्काळ. वॉकरनी सिद्धांत बाजूला ठेवला आणि आकडे घेतले. जगभरच्या ठिकाणांचे हवेचे दाब, तापमान, पाऊस, आणि कारकुनांची फौज हातानं त्यांचे सहसंबंध, म्हणजे कुठला आकडा कुठल्याबरोबर वर-खाली होतो ते, काढत बसलेली, वर्षानुवर्षं. त्यातून सापडलं की प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागराकडे उतरतो आणि उलट, सी-सॉसारखं. त्यालाच त्यांनी सदर्न ऑसिलेशन म्हटलं. त्याचा एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याशी, धागा १९६९ मध्ये याकोब बियर्कनेस यांनी जोडला आणि हवेच्या त्या चक्राला वॉकरचं नाव दिलं. म्हणजे आज टीव्हीवर "एल निनोचा धोका" म्हणून जे चालतं त्याच्या मुळाशी शिमल्याच्या थंडीत बेरजा करणारे, नावंही कुठे न छापलेले आपले कारकून आहेत. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं.

आणि मला वॉकर आवडतात ते आणखी एका कारणासाठी. इतके सहसंबंध काढल्यावर त्यांनीच इशारा दिला की पुष्कळ जोड्या तपासल्या तर त्यातल्या काही नुसत्या योगायोगानंही घट्ट दिसणार, तेव्हा सगळ्यात मोठा आकडा बघून हुरळू नका, एवढ्या जोड्यांत योगायोगानं केवढा मोठा आकडा येऊ शकतो ते आधी काढा. १९१४ चा निबंध आहे त्यांचा यावर. स्वतः शोधलेल्या गोष्टीवर असं बोट ठेवायला मन मोठं लागतं.

तरी पावसानं पुढेही फसवलंच. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं मॉडेल आलं, हिमालयातला बर्फ, समुद्राचं तापमान, वरच्या हवेतले वारे, दाब, असं सगळं घेऊन देशाचा एकूण पाऊस किती ते सांगायचं. आमच्या घरात गोवारीकरांबद्दल फार आदर होता, आपला मराठी माणूस पाऊस सांगतोय म्हणून, अण्णा रेडिओला कान लावून बसायचे आणि आम्हाला गप्प करायचे. ते मॉडेल वर्षामागून वर्षं बरं चाललं. मग २००२. अंदाज सरासरीच्या १०१ टक्के. जुलै आला आणि देशभर निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला, मोसम संपला तो ८१ टक्क्यांवर. अण्णांच्या वहीतलं त्या जुलैचं पान मी त्या रात्री परत बघितलं, तारखा आधीच घालून ठेवलेल्या, १ ते ३१, ओळीनं, आणि त्यांच्यापुढे जवळजवळ काहीच नाही. पुढे ते मॉडेल बदललं, आणि आता खातं एक आकडा सांगून थांबत नाही, सरासरीएवढा होण्याची शक्यता इतकी, कमी होण्याची इतकी, अशी टक्केवारी देतं. माझ्या दृष्टीनं ही फार मोठी सुधारणा आहे. खरं बोलणं आहे ते. पण या खऱ्या बोलण्याचा भार कुणावर येतो, तर ऐकणाऱ्यावर, हे मला इतक्या स्पष्टपणे कधी दिसलं नव्हतं.

आणि मग त्या रात्री, वही मांडीवर असताना, मला माझी खरी चूक सापडली.

जूनमधल्या त्या तीन दिवसांत पाऊस पडला होता. दादानंच तेव्हा फोनवर सांगितलं होतं, "भुरभुर झाली, धूळ बसली नुसती." खात्याच्या भाषेत दिवसाला २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला की तो पावसाचा दिवस, आणि ॲपमधली टक्केवारी तर त्याहून थोड्या थेंबांनाही पाऊस धरत असेल. म्हणजे ॲपनं सांगितलेला पाऊस आला होता! दादा कोरडा राहिला तो त्या तीस टक्क्यांत सापडून नव्हे. त्याचा प्रश्न होता, आता पेरलं तर पुढचे पंधरा दिवस माझं बी जगेल का. मी उत्तर दिलं ते, उद्या तुझ्या गावाच्या आसपास थोडाफार पाऊस पडेल का, या प्रश्नाचं. आकडा बरोबर, प्रश्न दुसरा. आसपास म्हणजे तरी काय, २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहरात. आणि मी तालुक्याच्या अंदाजावर तीन एकराचं सांगत होते. ओसरीवर त्याला मी शंभर जून समजावले, त्यालाही ते पटलं, आणि ते सगळं या प्रकरणात लागूच नव्हतं. पेपर तपासताना एखाद्या पोरानं असं केलं असतं, विचारलेलं सोडून पाठ केलेलं सुबक लिहिलं असतं, तर मी समासात लाल शाईनं लिहिलं असतं, प्रश्न नीट वाचा.

मग दादाच्या प्रश्नाचं उत्तर होतं कुठे? वहीत होतं. निदान थोडंसं. मी मोबाईलच्या उजेडात मोजायला बसले, पहिली वीतभर ओल झाल्यावर पुढे पंधरा दिवस किंवा त्याहून मोठा खंड पडला अशी वर्षं किती. अठ्ठावीसपैकी अकरा. म्हणजे सतरा वर्षं पेरणी तगली असती. ६१ टक्के. मग दुसरी बाजू मांडली. पेरलं आणि खंड पडला तर एकरी बियाणं तीस किलो, खत, ट्रॅक्टर, मजुरी मिळून दादाच्या हिशोबानं सातेक हजार मातीत. थांबला आणि पाऊस लागून राहिला तर वाफसा होईपर्यंत पंधरा दिवस जातात, उशिराच्या पेरणीनं एकरी क्विंटलभर तरी घट, चारेक हजार. म्हणजे पेरायचं तेव्हा, जेव्हा पाऊस टिकण्याची शक्यता अकरात सातपेक्षा (सात आणि चार मिळून अकरा) जास्त असेल, ६४ टक्क्यांच्या वर. माझ्या ७० च्या आकड्यावर गणित म्हणत होतं पेर. वहीच्या ६१ वर गणित म्हणत होतं थांब. मला क्षणभर बरं वाटलं, उत्तर सापडल्यासारखं. पण मी हेच शिकवते ना पोटापाण्यासाठी, अठ्ठावीसच वर्षांच्या नोंदीवरून काढलेली टक्केवारी आठ-नऊ टक्के इकडे किंवा तिकडे सहज सरकू शकते. ६१ म्हणजे ५२ ही असेल, ७० ही असेल. तीन टक्क्यांच्या फरकावर थांब म्हणायचा मला काय अधिकार? म्हणजे मी प्रश्न नीट वाचला असता, वही काढली असती, सगळं करायचं ते केलं असतं, तरी त्या दिवशी फोनवर खात्रीनं काहीच सांगू शकले नसते. याचं समाधान मानावं की वाईट वाटून घ्यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि ते सात हजार आणि चार हजार, ते तरी सारखे रुपये आहेत का? १७३८ मध्ये डॅनियल बर्नुली यांनी मांडलं की तीच रक्कम श्रीमंताला आणि गरिबाला सारखी नसते, हातात किती उरलंय त्यावर तिची किंमत ठरते. मी हे वर्गात लॉगचा वक्र काढून शिकवते, सुरुवातीला कडा चढावा तसा, पुढे सपाट होत जाणारा. थांबल्यामुळे बुडणारे चार हजार दिवाळीनंतर बुडतात, तेही कधी हातात न आलेले. पेरून बुडणारे सात हजार आत्ताचे, सोसायटीचं कर्ज उचलून आणलेले, आणि ते गेले की दुसऱ्या पेरणीला पैसा उसना. गेल्या वर्षी वहिनीनं कानातले गहाण ठेवले होते. हे मला भाऊबीजेलाच कळलं, ते पण तिच्या कानात नुसत्या काड्या दिसल्या म्हणून विचारलं तेव्हा. मग शेताच्या त्या वक्रावर ६४ टक्के पुरत नाहीत, ७५ लागतील, कदाचित ८०. तो आकडा मी पुण्यात बसून काढू शकत नाही, तो दादाच्या आणि वहिनीच्या मनात असतो, कुणी न विचारलेला.

सकाळी वहिनी चुलीपुढे होती, मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि रात्रीचं सगळं बोलून टाकलं, अकरा वर्षं, सतरा वर्षं, ६४ आणि ६१. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "वन्सं, मी त्येंना तवाच म्हन्ले होते, निम्मं पेरा." मी विचारलं, का म्हणालीस? "निम्मं गेलं तर निम्म्याचं बी घरात राहतंय. आन् आलं तर निम्मं तरी येळेवर आलं." आणि मग तुरीचं सांगायला लागली, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी कशाला घालतात, सोयाबीनला पाऊस कमी पडला तरी तूर खालची ओल ओढती, तूर गेली तर सोयाबीन असतंय. आमची आजी ज्वारीत अंबाडी, मूग, कारळं सगळं मिसळायची ते पण यासाठीच. माझ्या पुस्तकात याला मोठं नाव आहे आणि दोन पानांची सिद्धता आहे. भाकरी फुगली, तिनं ती निखाऱ्यावर टाकली, आणि मी पुष्कळ वेळ त्या वासात तशीच बसून राहिले. दादानं तिचं का ऐकलं नाही हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. पुण्याच्या बहिणीनं सत्तर टक्के सांगितलं होतं.

वही मी पुण्याला आणायचं ठरवलं होतं, सगळे आकडे नीट कॉम्प्युटरवर चढवीन म्हणून. मग पानांचे फोटो काढले आणि वही तिथंच देवळीत ठेवली, २०११ नंतरची पानं अजून कोरी होती.

या वर्षी मृगाच्या दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. "माई, पाऊस झाला. तुझ्यात काय दाखवतंय?" ॲप समोर उघडंच होतं, ६५ दिसत होते, पण मी आधी विचारलं, दादा, ओल किती गेलीय? तो म्हणाला, थांब, आणि फोन चालूच ठेवून रानात गेला, मला त्याच्या चपलांचा चिखलातला आवाज ऐकू येत होता, मग खुरप्याचा, मग थोडा वेळ काहीच नाही. "वीतभर नाही. चार बोटं वर." मी म्हटलं, शेतकी खातं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं, तेवढा झालेला दिसत नाही. उद्या-परवा थोडाफार पाऊस येईल असं दिसतंय, पण त्यापुढच्या पंधरा दिवसांचं मला सांगता येत नाही. अण्णांच्या वहीत दर पाच वर्षांत दोनदा खंड पडलाय. पुन्हा पेरायची वेळ आली तर झेपेल का, ते तू आणि वहिनी ठरवा. तो गप्प होता. मला वाटलं रागावला. इतकं लांबलचक उत्तर कुणाला पाहिजे असतं, मला पण नको असतं, मी डॉक्टरकडे जाते तेव्हा मला एकच शब्द पाहिजे असतो. मग म्हणाला, "बरं, बघतो."

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. अण्णांची वही, अण्णांच्या शेवटच्या नोंदीनंतर एक ओळ सोडून दादाचं मोठं, उजवीकडे चढत जाणारं अक्षर. "मृग. चार बोटं ओल. दीड एकर पेरलं, दीड ठेवलं. माई म्हणती सांगता येत नाही."

आज सहावा दिवस. तिकडे ढग आहेत म्हणतो.